वाचायच्या पानावर एक रेघ कमी

जयवंतकाकांची नक्कल कोणालाच जमत नाही. त्यांच्या कंपनीतले ठाकोरभाई जमतात, पॅकिंगचा बारकू जमतो, बाबांचे मोठे साहेब तर शिंकेसकट जमतात. पण जयवंतकाका दिवसभरात बोलतात तेवढ्यात पकडायचं काय? जिन्यावर चपला वाजतात, कडी सरकते, वरच्या खोलीतला पंखा कुरकुरायला लागतो. झालं. माणूस घरी आला.

त्यांचा खरा आवाज ऐकू येतो तो फक्त संध्याकाळी, पारोळ्याहून त्यांच्या आईचा फोन आला की. तिला कमी ऐकू येतं, म्हणून काकांना ओरडावं लागतं. "हा माय! जेवनू! जेवनू म्हंतस ना! भाजी व्हती, गिलक्यानी!" टोकरखाड्यातली आमची अख्खी गल्ली तेव्हा गिलक्याच्या भाजीची साक्षीदार असते. मग पलीकडून रोजचा प्रश्न येतो: तुझ्यासंगे कोण आहे रे? काका आवाज खाली आणून म्हणतात, "कोन्ही नही, माय." तिला ऐकू जात नाही. मग त्यांना तेही ओरडून सांगावं लागतं. "कोन्ही नही!"

गिलकं, म्हणजे घोसाळं, आमच्या घरचं असतं. काका वरच्या खोलीत भाड्याने राहतात आणि खाली आमच्याकडे जेवतात. लग्न झालं नाही. पूर्वी स्थळं यायची, आता मामेभावांच्या मुलांच्या मुंजींची निमंत्रणं येतात. माझे बाबा रमाकांत, कणकवलीकडचे, इथे कलेक्टर कचेरीत. कचेरीत त्यांची भाषा इस्त्रीची असते आणि घरात आल्यावर मालवणी. आई, शोभा, मराठी शाळेत शिकवते. तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो आणि स्वयंपाकघरात कुकरही तिला विचारून शिट्टी देतो. अशा घरात काका खाली मान घालून जेवतात, "बास वहिनी" म्हणतात आणि ताट स्वतः विसळून ठेवतात.

एका गोष्टीवर मात्र ते बोलतात. त्यांच्या पानांवर.

गलोंड्याला त्यांची धाग्याची कंपनी आहे. काका आधी पॅकिंगला होते. मालाची नोंद ठेवणारा डेटाबेस आला तेव्हा तो सांभाळायला त्यांना घेतलं. तिथे प्रत्येक धाग्याला लॉटचं नाव असतं, आणि ती नावं ठेवणाऱ्यांनी कीबोर्डवरचं एकही चिन्ह सोडलेलं नाही. टिंब, अधिक, कंस, सगळं. एकदा बारकूने 'एस+झेड' नावाचा माल शोधला, तर स्क्रीनवर काही नाही. बारकू इथलाच, अथालकडचा. त्याचं म्हणणं काका ताटावर सांगतात तेव्हा त्यांनाही थोडी नक्कल येते: "मशीन बोलते माल नाय. आन मी तं मालावरच बसलोय भाऊ!" खरोखर तो एस+झेडच्या कार्टनवर बसला होता.

कारण शोधताना डेटाबेसला अधिकचं चिन्ह हे चिन्ह वाटत नाही, हुकूम वाटतो. आधीचं अक्षर एकदा किंवा पुन्हा पुन्हा, असा त्याचा अर्थ. टिंबाचा अर्थ तिथे कोणतंही एक अक्षर. या चिन्हांना त्यांचं खास काम सोडून साधं बसायला लावायचं असेल, तर त्यांच्या आधी एक तिरकी रेघ द्यायची. याला एस्केप सिक्वेन्स म्हणतात.

योगेश सर म्हणून मुंबईचे साहेब आहेत, त्यांनी काकांना बोलावलं. "जयवंत, बेसिकली काय कर, एक छोटंसं डॉक्युमेंट कर. म्हणजे बेसिकली, लोकांना बेसिकली कळलं पाहिजे."

काकांनी छोटंसं केलं नाही. प्रत्येक चिन्हाला एक पान, आधी हिंदीत, खाली मराठीत, कंपनीच्या आतल्या संकेतस्थळावर. आणि काय सांगू, त्या पानांवर हा माणूस बोलतो! घरी "बास वहिनी" म्हणणारा तिथे लिहितो: 'आता तुम्ही म्हणाल, जयवंत, हे टिंब एवढंसं, ते काय करणार? थांबा. टिंब म्हणजे एसटीतली रिकामी सीट. कोणीही येऊन बसेल. तुम्ही बी७.४ शोधलं तर बी७.४ येईल, पण त्या सीटवर बसून बी७१४ पण येईल. म्हणून टिंबाच्या सीटवर रुमाल टाकायचा. तिरकी रेघ म्हणजे रुमाल. पण आपला डेटाबेस असा कंडक्टर आहे की दोन रुमाल दिसले की एक उचलतो, आणि एकच दिसला तर तोच घेऊन जातो. म्हणून दोन टाका.'

प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ: 'समजलं नाही तर विचारा. जयवंत, इंटरकॉम २७. लाजू नका.'

कोणी लाजलं नाही. कोणी विचारलंही नाही. सत्तावीसवर फोन येतात, नाही असं नाही. पण कँटीनचा नंबर सव्वीस आहे आणि लोकांची बोटं घसरतात. "दो कटिंग, एक बिना शक्कर, डिस्पॅच में." काका पहिल्यांदा सांगायचे की हे कँटीन नाही. मग त्यांनी ते सोडलं. आता ते "जी" म्हणतात, उठतात, शेजारच्या कँटीनला जाऊन सांगतात: दोन कटिंग, एक बिनसाखरेचा.

"अरे पण तुया कित्याक जातंस?" बाबांनी विचारलं होतं. "सांग ना, राँग नंबर म्हणान."

"जवळच आहे," काका म्हणाले. "आणि फोन आला की उचलायला बरं वाटतं."

बाबांनी आमटी वाढून घेतली.

दसऱ्याला कंपनीत घरची माणसं नेता येतात. मशिनींना झेंडूचे हार, कॉम्प्युटरला कुंकू, सगळ्यांना पेढे. बसमधून बाकीच्यांच्या मागून बायका, पोरं, सासवा उतरतात. काकांच्या मागून आम्ही उतरलो, घरमालक सहकुटुंब.

त्यांची खोली कँटीनला लागून आहे. पूर्वी तिथे फरशी पुसायचं सामान असायचं, अजून फिनेलचा वास येतो. टेबल, कॉम्प्युटर, आणि समोर पाहुण्यासाठी एक खुर्ची. तिच्यावर कागदांचे गठ्ठे होते. ते काकांनी घाईघाईने उचलले आणि ठेवायचे कुठे हे न कळून थोडा वेळ तसेच छातीशी धरून उभे राहिले.

तेवढ्यात दारात डिस्पॅचचे ठाकोरभाई. कपाळाला एवढा मोठा टिळा. "आवो आवो वहिनी! हे जयवंतभाईचं रूम ने, हे तो ध्यानमंदिर छे! कोई येत नाय, कोई जात नाय, एकदम शांती!" आणि पेढा तोंडात टाकून गेलेही.

आई खुर्चीत बसली. "दाखवा तुमची पानं, भाऊजी. रोज ऐकते, एकदा बघते तरी."

काकांनी लिहायची खिडकी उघडली. आईने मान हलवली. "असं नको, हे सगळे कप्पे आणि बटणं. लोकांना दिसतं तसं दाखवा."

मग त्यांनी वाचायचं पान उघडलं. आई शाळेच्या आवाजात वाचू लागली. एसटी आली, सीट आली, रुमाल आला. ती हसली, आणि काकांचे कान लाल झाले. "'म्हणून दोन टाका. टिंबाच्या आधी दोन तिरक्या रेघा, अशा,'" आणि आई थांबली. तिचं बोट स्क्रीनवर टेकलं. "भाऊजी, इथे एकच आहे."

"नाही वहिनी, दोन आहेत."

"पोरांच्या वह्या तपासते मी. एक आहे."

काका वाकले. एकच होती. त्यांनी लिहायची खिडकी उघडली, तिथे दोन. वाचायचं पान उघडलं; एक. पुन्हा खिडकी, दोन. पुन्हा पान, एक. खाली अधिकच्या चिन्हाचं पान उघडलं, कंसाचं उघडलं. सगळीकडे तेच.

"पान पण उचलतं," ते हळूच म्हणाले. "कंडक्टरसारखंच. मी दोन लिहिल्या, पानाने छापताना एक घेतली. मी कायम लिहायच्या खिडकीतूनच बघत आलो."

"मग आता एक रेघ वाढवा," आई म्हणाली. "त्यात काय एवढं."

बाबा मागे उभे होते. वाईट मनात काही नसतं त्यांच्या. प्रश्न आला की विचारतात. "म्हणजे ह्या पान लावल्यापासून कोणाकच दिसला नाय? दोन म्हणतंस आणि एक दाखयतंस, ह्या तर वाचणाऱ्याक लगेच दिसात."

काकांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला.

ठाकोरभाई पेढ्याचा बॉक्स विसरले होते म्हणून परत आले. काकांनी त्यांना विचारलं, अगदी सहज विचारावं तसं, "ठाकोरभाई, बी७.४ तुम्ही कसा शोधता हो?"

"कसा म्हणजे? गोडाऊनमां जाते, स्टिकर वाचते. डोळ्याने!"

"माझं पान आहे ना त्याच्यावर."

"पेलुं, ते पान? अरे बहु सरस छे! वाचलं ने मी!" ठाकोरभाईंनी बॉक्स उचलला. "मस्त फोटा टाकले तुम्ही."

त्या पानांवर एकही फोटो नाही.

बसमध्ये काका खिडकीशी बसले. उतरताना आईला म्हणाले, "एक प्रकारे बरंच झालं, वहिनी. चुकीचं वाचून कोणी चुकीचा माल पाठवला नाही." ते जे म्हणाले ते खरंच होतं. म्हणूनच ऐकवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना आईने विचारलं, रेघ वाढवली का. काका म्हणाले, नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. नाही. मग आई पोळी लाटायची थांबली.

"चूक कळल्यावर ठेवायची? तुम्ही?"

काकांनी भाताचा डोंगर केला, मोडला. "असू दे म्हटलं. जो वाचेल त्याला दिसेलच. दोन लिहिलंय, एकच आहे. मग तो फोन करेल."

"आणि?"

"आणि काय. कळेल की वाचलं."

बाबांना हसू आलं होतं, ते त्यांनी ताकाबरोबर गिळलं. "गळ टाकून बसलोहस तू. मासो येवक तळ्यात मासो होयो ना रे."

काकाही हसले. पण त्या आठवड्यात सत्तावीसवर फोन आला की ते पहिल्या घंटेला उचलायचे, असं बारकू सांगत होता. "भाऊ तं वाघासारखा झडप घालते. आन तिकडून आवाज येते, चार चाय."

मासा आला दिवाळीच्या आधी. काका जेवायला बसले ते चेहरा उजळून, आणि कोणी न विचारता बोलले. डिस्पॅचला नवी मुलगी येतेय, रूपाली, नवापूरची, पहिलीच नोकरी. शिकवायला कोणाला वेळ नाही. ठाकोरभाईंनी तिला सांगितलंय, जयवंतभाईची पानं वाच, त्यात सगळं आहे. उद्या सकाळपासून ती तेच वाचणार.

"वा!" आई म्हणाली. "म्हणजे रेघ नीट केलीत."

काकांनी पोळीचा तुकडा मोडला.

"भाऊजी."

"ती हुशार आहे म्हणतात. तिला दिसेल, वहिनी. दोन लिहिलंय आणि एक आहे, हे लगेच दिसतं. तुम्हाला नाही का दिसलं? फोन करेल. पहिला फोन."

"आणि नाही दिसलं तर काय होईल?"

काका खरं बोलणारा माणूस. त्यांनी सांगितलं. अधिकच्या चिन्हाचं बरं असतं. माल दिसला नाही की माणूस ओरडतो. टिंबाचं वाईट. ते मागितलेलं दाखवतं आणि न मागितलेलंही दाखवतं, म्हणून कोणी ओरडत नाही. बी७.४ बरोबर बी७१४ची कार्टनं चढतील. दोन्ही धागे पांढरेच. सुरतेला एकाच मागावर लागतील, कापड रंगवलं की पट्टे उमटतील, ठाणं परत येतील. आणि डिस्पॅचमधून पाठवलं कोणी, तर नव्या मुलीने.

"पण तिला दिसेल," ते पुन्हा म्हणाले. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

आई त्यांच्यासमोर बसली. शाळेचा आवाज तिने काढला नाही. "मी फळ्यावर गणित चुकवते कधीकधी, घाईत. तुम्हाला काय वाटतं, पोरं हात वर करतात? नाही करत. मुकाट्याने तसंच उतरवतात. अर्ध्या जणांना कळलेलं असतं की काहीतरी चुकलंय. पण त्यांना वाटतं, आपलंच चुकत असेल. बाईंचं बरोबरच असणार. आणि नवीन आलेलं पोर तर कधीच विचारत नाही. ते सगळ्यात घाबरलेलं असतं."

काका पोळीचा तुकडा हातात धरून बसले. मग तो खाल्ला, ताट विसळलं आणि वर गेले. त्या दिवशी पारोळ्याच्या फोनवरचं ओरडणंही नेहमीपेक्षा लहान होतं.

सकाळी ते पहिल्या पाळीच्या बसने गेले. नेहमीची त्यांची बस नंतरची असते. पुढचं त्यांनी जेवताना सांगितलं, निम्मं त्यांनी आणि निम्मं नंतर बारकूने.

दोन दिसायला हव्यात तर चार लिहायच्या, कारण पान प्रत्येक जोडीतली एक घेतं. त्यांनी प्रत्येक पानावर जाऊन चार-चार केल्या. पण आता स्वतःच्या खोलीतल्या स्क्रीनवर त्यांचा विश्वास नव्हता. ते पॅकिंगमध्ये गेले आणि बारकूच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं.

"काय शोधते भाऊ एवढ्या पाटे?"

"इथे बघ. टिंबाच्या आधी किती रेघा दिसतात?"

बारकूने डोळे बारीक केले. "दोन वाकड्या काठ्या हायेत."

"नक्की?"

"भाऊ, दोनावर माझी गिनती फिट हाये."

मग ते डिस्पॅचकडे गेले. जायचं काही कारण नव्हतं. दारातून दिसलं, रूपाली येऊन बसली होती, ठाकोरभाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यात, डबा अजून मांडीवर. स्क्रीनवर टिंबाचं पान होतं. ती ओळीखाली बोट धरून वाचत होती, लहान मुलं वाचतात तशी, ओठ हलवत. एसटीच्या ठिकाणी तिला हसू आलं.

"मग काय बोललात तिच्याशी?" आईने विचारलं.

"काही नाही."

"अहो!"

"वाचत होती, वहिनी. मध्येच कुठे बोलायचं."

ते तिथून आपल्या खोलीत आले. खुर्चीवर पुन्हा गठ्ठे जमले होते, ते त्यांनी खाली ठेवले. दिवसभर ती खुर्ची मोकळी होती. दोन फोन आले, दोन्ही चहाचे. त्यांनी जाऊन सांगितले.

दिवाळीच्या खरेदीला आम्ही किलवणी नाक्यावर गेलो होतो. पणत्यांचा ढीग होता, आई प्रत्येक पणती वाजवून बघत होती आणि काका पिशवी धरून उभे होते. एक स्कूटर आमच्या पायांशी येऊन थांबली.

"अरे जयवंतभाई! अरे वहिनी!" ठाकोरभाई. हेल्मेट डोक्यावर नाही, कोपरात. "जयवंतभाई, ती नवी छोकरी ने, रूपाली! बहु होशियार, हां! मी तो घाबरलेला, नवी आहे, गोटाळा करणार. एक पण लॉट चुकला नाय! आणि काय सांगते तुम्हाला, आवी त्या दिवसापासून कोणाला एक सवाल नाय विचारला. एक पण नाय! सगळं पोतानी मेळे, स्वतःच शिकली!"

"हो का," काका म्हणाले. "चांगलं झालं."

"बहु सरस! चला, साल मुबारक!" आणि स्कूटर नरोली रस्त्याला वळली.

आईने काकांकडे पाहिलं. ते पिशवीचे बंद सारखे करत होते. सारखेच होते ते.

"विचारलं असतं," ते म्हणाले, "तरी चाललं असतं."